अर्थशास्त्राचा पदवीधर आणि त्याच्यापुढील वाटा

उन्हाळा सरत आला आणि विद्यापीठाचे निकाल लागू लागले म्हणजे आपल्या सभासद-कुटुंबांतून एक प्रश्न हटकून ऐकू येतो. चिरंजीवांनी अथवा कन्येने अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवी संपादन केलेली असते, घरोघर पेढे पोहोचलेले असतात, आणि चार दिवस लोटले की वडील मंडळी विचारतात, "आता पुढे काय?" वैद्यकाच्या पदवीधराला हा प्रश्न कोणी विचारीत नाही; कायद्याच्या पदवीधराची वाटही बहुधा ठरलेली असते. अर्थशास्त्राच्या पदवीधराच्या दारावर मात्र कोणतीच पाटी आपोआप लागत नाही. यामुळे कित्येक घरांत ही पदवी निरुपयोगी समजली जाते, तर कित्येक घरांत तिच्याविषयी भलत्याच अपेक्षा बाळगल्या जातात. या दोन्ही समजुती दूर व्हाव्यात आणि पालक व पाल्य यांना एकत्र बसून विचार करण्यास काही साहित्य मिळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पदवीने काय मिळते?

अर्थशास्त्र म्हणजे पैसे मिळविण्याचे शास्त्र, ही समजूत बाजारात सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. तसे असते तर अर्थशास्त्राचे सर्व प्राध्यापक लक्षाधीश झाले असते आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आपल्या पूर्वजांना पेढ्या उभारता आल्या नसत्या. साधने मर्यादित आणि गरजा अनेक, अशा स्थितीत मनुष्य, कुटुंब, पेढी अथवा सरकार निवड कशी करते आणि त्या निवडीचे परिणाम कोणाकोणावर होतात, याचा पद्धतशीर विचार म्हणजे अर्थशास्त्र होय.

दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. पहिले उदाहरण इतिहासातील आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नवनव्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. सुरतेत जन्मलेले जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. त्यांनाही या कोसळण्याचा जबर तडाखा बसला. भाव वाढला हे प्रत्येक दलालाला दिसत होते. तो कशामुळे वाढला, ते कारण टिकणारे आहे की तात्पुरते, आणि ते नाहीसे झाल्यावर काय होईल, हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे अर्थशास्त्राच्या शिक्षणाचे पहिले फळ आहे.

दुसरे उदाहरण आपल्या समा-सावली रस्त्यावरील कोणत्याही दुकानाचे समजावे. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. गाळा स्वतःचा आहे, गल्ल्यावर मालक स्वतः बसतो, मालात स्वतःचे दहा लाख रुपये गुंतले आहेत आणि वर्षअखेर खतावणी सहा लाखांचा नफा दाखविते. मालक समाधानी असतो. अर्थशास्त्र शिकलेला त्याचा मुलगा मात्र वेगळा हिशेब मांडतो. गाळा भाड्याने दिला असता तर वर्षाला तीन लाख आले असते. वडिलांनी दुसरीकडे व्यवस्थापक म्हणून काम केले असते तर तीन लाख साठ हजार मिळाले असते. दहा लाखांवर सात टक्क्यांनी सत्तर हजार व्याज आले असते. बेरीज सात लाख तीस हजार. म्हणजे खतावणी नफा दाखवीत असली तरी या दृष्टीने दुकान एक लाख तीस हजारांच्या तोट्यात आहे. सोडून दिलेल्या संधीची ही किंमत कोणत्याही वहीत लिहिली जात नाही. पण ती असते.

यावरून दुकान बंद करावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. दुकानामुळे मिळणारे स्वातंत्र्य, गावातील पत, पुढील पिढीसाठी तयार होणारी बैठक यांचेही मूल्य आहे, आणि ते मोजणे न मोजणे हे मालकाने ठरवावयाचे असते. परंतु सत्य हिशेब डोळ्यांपुढे असणे आणि नसणे यांत मोठे अंतर आहे. पदवीधर मुलाने हे गणित जेवणाच्या पाटावर उद्धटपणे मांडले तर वडिलांना दुःख होईल. नम्रपणे मांडले तर पेढीचे कल्याण होईल. हा विवेक मात्र विद्यापीठ शिकवीत नाही.

हिशेबाची ही परंपरा आपल्या समाजाला परकी नाही. इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात व्याज आणि भागीदारीतील वाटणी यांवरील गणिते विस्ताराने आली आहेत. तेव्हा अर्थशास्त्राकडे वळणारा आपला तरुण परक्या घरी जात नाही, एवढे वडील मंडळींनी ध्यानात घ्यावे.

बडोद्याचा वारसा

वाट कशी निवडावी हे पाहण्यापूर्वी, या शहराशी संबंध आलेल्या काही थोर अर्थचिंतकांच्या वाटा पाहणे बोधप्रद ठरेल. अर्थशास्त्राच्या इतिहासात बडोद्याचे स्थान आपल्याला वाटते त्याहून मोठे आहे.

हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मीमांसा करून संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडणारे दादाभाई नौरोजी १८७४ च्या सुमारास बडोदे संस्थानाचे दिवाण होते. त्यांच्यापाशी अर्थशास्त्राची पदवी नव्हती. ते गणिताचे अध्यापक होते, पुढे लंडनमध्ये व्यापारी झाले, आणि १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास दोन खंडांत लिहिणारे रमेशचंद्र दत्त मुळात सनदी अधिकारी होते. १९०४ पासून त्यांनी महाराज सयाजीरावांच्या राज्यात महसुलाचे काम पाहिले, १९०९ मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९२७ ते १९४४ या काळात बडोद्याचे दिवाणपद भूषविणारे व्ही. टी. कृष्णम्माचारी स्वातंत्र्यानंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

ज्यांनी बडोदा कॉलेजात शिक्षण घेऊन केंब्रिज गाठले ते डॉ. आय. जी. पटेल १९४९ च्या सुमारास याच कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथून ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत गेले, भारत सरकारच्या अर्थखात्यात त्यांनी उच्च पदे सांभाळली, १९७७ ते १९८२ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि १९८४ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या जगद्विख्यात संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

त्याच लंडनच्या संस्थेत त्यांच्यापूर्वी अनेक वर्षे एक मराठी विद्यार्थी शिकून गेला होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. केले. महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम. ए. झाले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास संस्थानच्या सेवेत रुजू झाले. परंतु या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. नाव लपवून ज्या धर्मशाळेत ते उतरले होते तेथून जमावाने त्यांना बाहेर काढले; परिचितांनीही आश्रय देण्याचे टाळले; आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कमाठी बागेत वेळ काढला. मुंबईत त्यांनी रोखे व भागांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू करून पाहिला. त्यांची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे लंडनला परत जाऊन रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने त्यांनी डी. एस्सी. मिळविली, तो ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. कायदा, राजकारण आणि राज्यघटना ही त्यांची पुढील कार्यक्षेत्रे सर्वांना ठाऊक आहेत.

या चरित्रांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, एकाच शास्त्राने या पुरुषांना व्यापार, प्रशासन, अध्यापन, बँकिंग आणि कायदा अशा भिन्न भिन्न क्षेत्रांत उपयोग दिला. दोघांची वाट सारखी नव्हती. प्रत्येकाने अर्थविचाराला दुसऱ्या एखाद्या विद्येची अथवा अनुभवाची जोड दिली होती. दुसरी गोष्ट आपणा व्यापाऱ्यांनी विसरू नये अशी आहे. विद्वत्ता कितीही असली तरी समाजाने दार उघडले नाही तर वाट खुंटते. आंबेडकरांच्या बाबतीत शिष्यवृत्ती देणारा राजा होता, विद्या होती, पद होते. नव्हती ती केवळ भाड्याची एक खोली. शहराने त्या दिवशी आपला एक अर्थतज्ज्ञ गमावला.

मुख्य वाटा

आता आजच्या पदवीधरापुढील प्रमुख वाटांचा विचार करू.

बँक व विमा. मध्यमवर्गीय कुटुंबांना परिचित अशी ही वाट. महाराज सयाजीरावांनी २० जुलै १९०८ रोजी स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदाचे १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, आणि १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक व देना बँक तिच्यात विलीन झाल्या. सार्वजनिक बँकांतील अधिकाऱ्यांच्या स्पर्धा परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. तेव्हा अर्थशास्त्राच्या पदवीला तेथे राखीव स्थान नाही, हे आरंभीच समजून घ्यावे. ती पदवी उपयोगी पडते ती कामात: कर्ज मागणाऱ्याचा धंदा समजून घेताना, व्याजदरांच्या हालचालीचा अर्थ लावताना. अधिकाऱ्याची बदली दूरच्या प्रांतात होते, याची मानसिक तयारी घरच्यांनीही ठेवावी. विमाक्षेत्रात, ज्याचे गणित उत्तम आहे त्याला विमागणितीची परीक्षा देता येते. ही परीक्षा टप्प्याटप्प्याने, पुष्कळ वर्षे चालते. परंतु जे उत्तीर्ण होतात त्यांची संख्या थोडी व मान मोठा असतो.

शासकीय सेवा. केंद्र सरकारने १९६१ मध्ये भारतीय आर्थिक सेवा निर्माण केली. तिची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो आणि तीस अर्थशास्त्रातील अथवा तत्सम विषयातील पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातही पदव्युत्तर पदवीधरांची भरती होते. प्रशासकीय सेवांच्या सर्वसाधारण परीक्षेला कोणीही पदवीधर बसू शकतो, व अर्थशास्त्र हा तेथे ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. या परीक्षांतील जागा मोजक्या आणि उमेदवार असंख्य. म्हणून किती वेळा प्रयत्न करावयाचा याची मर्यादा आरंभीच घरात ठरवावी. ती न ठरविल्यामुळे उमेदीची पाच-सहा वर्षे अभ्यासिकेत गेलेले तरुण आपल्या पाहण्यात आहेत.

हिशेब व कर. सनदी लेखापालांची संस्था १ जुलै १९४९ रोजी कायद्याने स्थापन झाली. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधरास ६० टक्के गुण असल्यास पहिली पायरी वगळून मधल्या परीक्षेपासून प्रवेश मिळतो, आणि २०२३ मध्ये आलेल्या नव्या योजनेत प्रत्यक्ष उमेदवारीचा काळ तीनांवरून दोन वर्षांवर आला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर या ज्ञानाची गरज लहान दुकानापर्यंत पोहोचली, हे कोणा व्यापाऱ्याला सांगावयास नको. अर्थशास्त्राचा पदवीधर या वाटेला आला तर कर किती भरावयाचा यापलीकडे जाऊन, कराचा भार अखेर विक्रेत्यावर पडतो की ग्राहकावर, हेही तो सांगू शकतो.

संशोधन व अध्यापन. ज्याला प्रश्नाच्या मुळाशी जाण्याची आवड आहे त्याने पदव्युत्तर शिक्षणाचा गंभीरपणे विचार करावा. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाखेरीज पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, मुंबई विद्यापीठ, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, तसेच रिझर्व्ह बँकेने मुंबईस स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांची नावे घेता येतील. हल्ली या शास्त्रात गणित व संख्याशास्त्र यांचा वापर फार वाढला आहे. ज्याने पदवीपर्यंत गणित टाळले आहे त्याला नामांकित संस्थांच्या प्रवेश परीक्षा जड जातात. याची जाणीव पदवीच्या पहिल्या वर्षीच करून दिली पाहिजे.

सहकार व ग्रामीण क्षेत्र. या वाटेचा आदर्श म्हणून प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे पाहावे. केंब्रिजला शिकून त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९३० मध्ये गोखले संस्थेची धुरा घेतली. पुस्तकांत न गुंतता त्यांनी विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासमवेत प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना चालू शकतो हे त्यांनी दाखवून दिले. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आपल्या शेजारी आणंद येथे १९४६ पासून दूध उत्पादकांच्या सहकाराची परंपरा आहे, आणि तेथेच १९७९ मध्ये ग्रामीण व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था निघाली; २०२५ मध्ये तिला त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचे रूप देण्यात आले. नाबार्ड या १९८२ मध्ये स्थापन झालेल्या बँकेचेही कार्यक्षेत्र हेच.

उद्योग, वाहतूक व आकडेशास्त्र. बडोद्याभोवती खत, तेलशुद्धी, औषधे, यंत्रे यांचे कारखाने आहेत. सावली परिसरात रेल्वेचे व मेट्रोचे डबे तयार होतात. अशा उद्योगांना मागणीचा अंदाज, कच्च्या मालाच्या भावांचा अभ्यास आणि खर्चाचे विश्लेषण करणारी माणसे हवी असतात. मालवाहतूक हे तर स्वतंत्र शास्त्र झाले असून, त्यासाठी गतिशक्ती विद्यापीठ २०२२ मध्ये याच शहरात केंद्रीय विद्यापीठ म्हणून सुरू झाले. या वाटेवर संगणकावर आकडे हाताळण्याचे कौशल्य अनिवार्य आहे. केवळ पदवीपत्र घेऊन गेलेल्याला येथे कोणी उभे करणार नाही.

पेढीवर परत येणे

वरील यादीत एक वाट मुद्दामच शेवटी ठेवली आहे, आणि ती म्हणजे वडिलांच्या गादीवर येऊन बसण्याची. आपल्या समाजात बहुतेक घरांतील खरा पेच येथेच असतो. वडिलांचे वय झालेले, मुनीम थकलेला, उधारी वसूल करावयास माणूस नाही. इकडे मुलाच्या मनात बाहेरचे जग पाहण्याची इच्छा. एकाला वाटते मुलाने घर सोडले, दुसऱ्याला वाटते घराने आपले पंख कापले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते आणि बहुधा दोघेही मनातले बोलत नाहीत.

या बाबतीत तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, पेढीवर येण्यापूर्वी दोन-तीन वर्षे मुलाने दुसऱ्याच्या कचेरीत पगारावर काम करावे. वरिष्ठाचा हुकूम पाळणे, वेळेवर जाणे, चुकीचा जाब देणे या गोष्टी घरच्या दुकानात शिकता येत नाहीत. दुसरी, तो परत आल्यावर त्याला निश्चित काम, निश्चित वेतन आणि निर्णयाचे निश्चित क्षेत्र द्यावे. खरेदी, ग्राहकांच्या उधारीची मर्यादा, अथवा नवी शाखा, यांपैकी एखादी बाब पूर्णपणे त्याच्यावर सोपवून वर्षाने हिशेब मागावा. मोठ्या मुलाने केवळ किल्ल्या सांभाळाव्यात आणि प्रत्येक गोष्टीसाठी वडिलांच्या तोंडाकडे पाहावे, अशी स्थिती असेल तर पदवी गंजून जाईल. तिसरी, परत येणे हे सक्तीने नसावे. तसे ते असेल तर गादीवर शरीर बसेल, मन बसणार नाही.

आणि येथे मुलींचाही विचार अगत्याने केला पाहिजे. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत आपल्या घरच्या कन्या पुष्कळ आहेत. या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता होत्या, हे बडोदेकरांना अभिमानाने सांगता येते. तरीही पदवीनंतर मुलाला "काय करणार?" आणि मुलीला "केव्हा करणार?" असे विचारले जाते, पहिला प्रश्न उद्योगाचा, दुसरा विवाहाचा. जी कन्या खतावणी वाचू शकते आणि बाजाराचा कल ओळखू शकते तिच्या हाती पेढीचा एखादा विभाग देण्यास कोणतीही अडचण नाही, मनाची अडचण सोडल्यास.

निवड करताना

निवडीसाठी पाल्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. तीन वर्षांत कोणता विषय वाचताना वेळेचे भान राहिले नाही? आकड्यांशी खेळणे आवडते, की माणसांशी बोलणे, की लेखन? बदलीचे, परीक्षेचे, अनिश्चित उत्पन्नाचे ओझे किती सोसवेल? ज्याला आकडे आवडतात त्याने संशोधन, विमागणित अथवा उद्योगातील विश्लेषण पाहावे; ज्याला माणसे आवडतात त्याने बँक, सहकार वा व्यापार; ज्याला नियम व न्याय यांची ओढ आहे त्याने प्रशासन अथवा अर्थशास्त्राला कायद्याची जोड.

पुढील शिक्षणाच्या खर्चाचा हिशेबही अर्थशास्त्राच्याच पद्धतीने करावा. समजा, दोन वर्षांच्या शिक्षणाचे शुल्क आणि परगावी राहण्याचा जादा खर्च मिळून तीन लाख रुपये येतो. पालक तीन लाखांचाच विचार करतात. परंतु त्या दोन वर्षांत महिना वीस हजारांची नोकरी करता आली असती, तर ते चार लाख ऐंशी हजारही खर्चातच धरले पाहिजेत. एकूण सात लाख ऐंशी हजार. हा खर्च पुढील वाढीव उत्पन्नातून, समाधानातून अथवा समाजोपयोगातून भरून निघेल असे वाटत असेल तरच पाऊल टाकावे. केवळ नोकरी मिळाली नाही म्हणून दुसरी पदवी घेणे, हे उधारी फेडण्यासाठी नवी उधारी काढण्यासारखे आहे.

निवडीला आणखी एक कसोटी आहे, आणि ती आपल्या धर्मानेच घालून दिलेली आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत वने तोडणे, वणवा लावणे, तळी आटविणे, विषाचा व हस्तिदंताचा व्यापार यांचा समावेश होतो. खोटी वजनमापे आणि भेसळ ही अचौर्य व्रताची दूषणे मानली आहेत. एकाच्या नफ्यासाठी तिऱ्हाइताला, पशुपक्ष्याला अथवा पुढील पिढीला जी किंमत द्यावी लागते तिला आजचे अर्थशास्त्र बाह्य परिणाम म्हणते आणि तिचा हिशेब मांडण्याची खटपट करते. आपल्या आचार्यांनी ती किंमत शतकांपूर्वी ओळखली होती. तेव्हा पगार मोठा आहे एवढ्यावरून नोकरी स्वीकारण्यापूर्वी तो पगार कोणत्या धंद्यातून येतो हे तरुणाने पाहावे, आणि परिग्रहपरिमाण व्रत घेतलेल्या घराने "पुरेसे किती?" हा प्रश्न मुलापुढे निःसंकोच ठेवावा. मिळकतीची मर्यादा ज्याने आधी ठरविली आहे त्याला वाट निवडणे सोपे जाते.

संघाचे कर्तव्य

अखेर आपल्या संघाविषयी दोन शब्द. प्रत्येक सभासदाने वर्षातून एका विद्यार्थ्याला, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या पेढीवर दीड-दोन महिने काम शिकण्याची संधी द्यावी. घाऊक बाजार, अडत, उधारी, कराची विवरणपत्रे यांचे जे ज्ञान तेथे मिळेल ते वर्गात मिळत नाही. संघाच्या निधीतून होतकरू विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज द्यावे आणि ते फेडल्यावर तीच रक्कम पुढच्या विद्यार्थ्याकडे जावी. आणि ज्यांची समा भागात घरे अथवा खोल्या भाड्याने देण्याजोग्या आहेत त्यांनी परगावाहून शिकावयास आलेल्या मुलामुलींना जागा देताना त्यांची जात अथवा आडनाव पाहू नये. १९१७ साली या नगरीत जे घडले त्याचे परिमार्जन भाषणांनी होणार नाही. एका खोलीचे दार उघडण्याने थोडेसे होईल.

पदवीधर मित्रांना एवढेच सांगणे की, तुमच्या पदवीवर पाटी नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. ती पाटी तुम्हांला स्वतः रंगवावयाची आहे. एखादी जोडविद्या मिळवा, दोन वर्षे कोणाच्या तरी हाताखाली मनापासून काम करा, वडिलांशी हिशेब मांडून बोला, आणि जी वाट धराल तिच्यावर वजनकाटा खरा ठेवा. सर्व उत्तीर्ण विद्यार्थ्यांचे अभिनंदन व त्यांच्या पालकांना सादर जय जिनेंद्र.